किरणाची कंबर

ग्लेनेल्ग, ४ सप्टेंबर

यामिनी,

‘प्रिय’ लिहिण्याचा अधिकार न्यायालयाने काढून घेतला आहे आणि ‘सप्रेम नमस्कार’ वाचून तू हसशील, म्हणून नुसतं नाव. फोन तू उचलत नाहीस. ई-मेलला ‘ठीक’ एवढंच उत्तर येतं. तेव्हा टपाल. लॉन्सेस्टनच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या बाईंनी पाकीट न फोडता फेकलं, असं निदान माझ्या डोळ्यांदेखत तरी होणार नाही.

स्फटिक जळला.

हे वाक्य मी कालपासून निरनिराळ्या लोकांना सांगतोय आणि प्रत्येक वेळी ते दुसऱ्या कुणाच्या तरी घरचं वाटतं. नवा लेसर काल सकाळी पहिल्यांदा पूर्ण ताकदीवर नेला. आम्ही सगळे चष्मे लावून उभे. टक् असा आवाज झाला. मोठा नाही, अडकित्त्यात सुपारी फुटते तेवढाच. पडद्यावरचा ठिपका गेला.

ब्रॉन्विन म्हणाली, “अच्युत, हा आवाज आपल्याकडचा होता का?”

मी म्हणालो, “शेजाऱ्यांचा असेल.”

झाकण काढलं तर स्फटिकाच्या पोटात पांढरा डाग, आणि डागातून निघालेली चीर थेट कडेपर्यंत. वर्षभर वाट पाहून आलेला स्फटिक. त्याच्या पेटीवरची चिकटपट्टी अजून माझ्या मेजावर पडली आहे.

ब्रॉन्विन तुला माहीत नाही. तू गेल्यानंतर आली. मूळची वेल्सची, वाढली पोर्ट पिरीत, बोलते कमी आणि जे बोलते त्याला मीठ लावून बोलते. तिची नोकरी वर्षावर्षाच्या कराराची आहे. ती तुला ओळखत नसली तरी लेसर मांडायचा तुझा प्रोग्रॅम ओळ न् ओळ ओळखते. तू त्याचं नाव ‘तनुमध्या’ ठेवलं होतंस, बारीक कंबरेची ती. इथल्या मंडळींनी आठवड्यात तिची ‘टान्या’ केली. गेल्या हिवाळ्यात टान्याचा जुना संगणक वारला, तेव्हा ब्रॉन्विनने ती नव्या भाषेत पहिल्यापासून लिहून काढली. तिला आम्ही टान्या टू म्हणतो. नवा लेसर मी टान्या टूवर मांडला. जळला तो हा.

आज आमच्या साहेबाच्या, ट्रेव्हरच्या, वरच्या एक बाई चौकशीला आल्या. हा लेसर अग्निशमन दलाचा, उन्हाळ्याआधी हवा होता. वणवा पेटला की धुराच्या वर वारा कुठे वळतोय हे मोजायला. बाईंना कॅव्हिटी म्हणजे काय ते समजावताना मी तुझंच जुनं बोलणं वापरलं. समोरासमोर आरसे, मधे प्रकाश फेऱ्या मारतो, एक फेरी संपवून जसा निघाला तसाच परतला तर लेसर चालतो, नाहीतर प्रकाश सांडून जातो. वाटेत एका जागी त्याला आवळून बारीक करायचा. त्या जागेला किरणाची कंबर म्हणतात, आणि स्फटिक नेमका तिथे ठेवायचा. कंबर जितकी बारीक तितकं काम जास्त, आणि काम जितकं जास्त तितकी आग जवळ. आरसे विकत घेण्याआधी हे सगळं संगणकावर मांडून पाहतात.

बाई म्हणाल्या, “मग संगणकाने सांगितलं नाही?”

“सांगितलं ना,” मी म्हणालो. “जळणार नाही असं सांगितलं.”

माझा नियम तुला ठाऊक आहे. स्फटिकवाला जी मर्यादा लिहून देतो तिच्या नऊ-दशांशापर्यंत जायचं. इतर लोक निम्म्यावर थांबतात आणि म्हणून त्यांचे लेसर निम्मे चालतात. इतकी वर्षं माझ्या एकाही कॅव्हिटीत चरा पडला नाही. ‘काठावरचा अच्युत’ हे नाव काही मी स्वतः ठेवलेलं नाही. आपलं शेवटचं भांडण कूबर पीडीच्या वाळवंटातल्या रस्त्यावर पेट्रोलच्या काट्यावरून झालं, आणि पेट्रोल संपलं नव्हतं, हे मी आजही नोंदवून ठेवतो.

बाकी ठीक. मॅगपाय पक्ष्यांची अंडी घालायची वेळ आहे, सायकलवाल्यांच्या डोक्यावर झडप घालताहेत. तू गेल्यापासून ट्राम वेळेआधी सुटायला लागल्या आहेत. तक्रार केली, तर म्हणतात वेळापत्रक तेच आहे. यावर कुणाचा विश्वास बसेल?

अच्युत


ग्लेनेल्ग, १९ सप्टेंबर

यामिनी,

उत्तर आलं नाही. अपेक्षाही नव्हती, पण हे पत्र उत्तरासाठी आहे, म्हणून आधीच सांगतो की थट्टा कमी करीन.

गेल्या पत्रानंतर जुनीचा वारलेला संगणक खटपट करून दिवसभरापुरता जिवंत केला आणि दोन्ही टान्यांना तोच लेसर मांडायला दिला. आरशांची अंतरं, त्यांचा बाक, कोन, सगळं दोघींचं तंतोतंत जुळलं. किरण कुठे स्थिर राहील, कुठे सांडेल, त्यातही मतभेद नाही. फक्त कंबर. जुनी टान्या कंबर बारीक दाखवते, नवी जाड. आणि त्यामुळे जुनीच्या मते स्फटिकावर जेवढा मारा होतो, त्याच्या निम्माच मारा नवीच्या मते होतो.

म्हणजे मी नवीचं ऐकून किरण आणखी आवळला. नऊ-दशांश भरेपर्यंत.

ट्रेव्हरने दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवली आणि म्हणाला, “जुनीने इतकी वर्षं एक स्फटिक जाऊ दिला नाही. हिने पहिल्याच दिवशी खाल्ला. यात अवघड काय आहे?”

ब्रॉन्विन म्हणाली, “जुनीच्या पोटात हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी लिहिलेली होती. आपला लेसर अवरक्त आहे. हिरव्याच्या बरोबर दुप्पट. लांबी निम्मी धरली की कंबर आहे त्याहून बारीक दिसते. मी ती दुरुस्त केली.”

“कुणाला विचारून?”

“अच्युतला सांगितलं होतं. चहाच्या सुट्टीत.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तिने सांगितलं होतं. मी तेव्हा म्हणालो होतो, “यामिनीच्या हातून चूक होत नाही. पुस्तक परत वाच.” तिने पुस्तक परत वाचलं. मी वाचलं नाही. हे मी तिथल्या तिथे सांगितलं. त्यावर ट्रेव्हर म्हणाला की चहावर बोललेलं म्हणजे सांगितलेलं नव्हे.

यामिनी, माझा विश्वास बसेना. दोन्ही रंगांच्या लांब्या आपल्या धंद्यातल्या कुणालाही झोपेतून उठवून विचाराव्यात. एकीच्या जागी दुसरी लिहिणं ही आपल्याच माणसांच्या हातून होईल अशी चूक आहे, बाहेरच्याला ती करताही येणार नाही. पण तू? स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या लावून त्यांवर तारीख घालणारी तू?

म्हणून मी खालच्या सामानाच्या खोलीत गेलो. आपला पहिला लेसर तिथे कापडाखाली आहे. काढला, पुसला, चालवला. बिचारा खोकत खोकत चालला. मग दाढीचं नवं ब्लेड घेतलं आणि किरणात हळूहळू सरकवत गेलो, दुसऱ्या बाजूला प्रकाश किती उरतो ते पाहत. आपण नेहमी मोजायचो तसं. कंबर जाड निघाली. ब्रॉन्विनची टान्या म्हणते तेवढी.

तेव्हा मला आठवलं. ही कंबर त्या काळातही जाडच निघायची. मी तुला म्हणायचो, मोजमाप प्रोग्रॅमशी जुळत नाही. तू म्हणालीस, ब्लेड बोथट असेल. मी नवं पाकीट आणलं. तेही तसंच निघालं. तेव्हा तू ओट्याशी पाठमोरी उभी राहून म्हणालीस, “या देशातली ब्लेडंच बोथट असतात.” आणि मी ते मानलं. वडिलांनी मला न्यायशास्त्र शिकवलं होतं. डोळ्यांना दिसतं ते प्रत्यक्ष प्रमाण पहिलं, विश्वासू माणसाचा शब्द सर्वांत शेवटी. मी क्रम उलटा लावला. पुढे मोजायचंच सोडून दिलं.

आता मुद्दा. अग्निशमन दलाला लेखी कारण द्यायचं आहे. ट्रेव्हर मला बाजूला घेऊन म्हणाला, “हे बघ मित्रा, कुणाचं तरी नाव लिहायला हवं. ब्रॉन्विनचं लिहिलं तर डिसेंबरात तिचा करार संपतो तो संपलाच. तुझ्या माजी बायकोचं लिहू. मूळ प्रोग्रॅममध्ये चूक. ती टास्मानियात आहे, तिला काय फरक पडतो?”

तो दुष्ट नाही. त्याला खरोखरच हा सोयीचा मार्ग वाटतो. ब्रॉन्विन वाचते, मी वाचतो, आणि तू समुद्रापलीकडे आहेस. मला ७ ऑक्टोबरपर्यंत मुदत दिली आहे.

मी तुझं नाव तुला न विचारता लिहिणार नाही. आणि चूक खरोखर तुझी असेल तर ते टाळणारही नाही, कारण ब्रॉन्विन रोज सकाळी माझ्याआधी येऊन स्वतःचं सामान थोडं थोडं खोक्यात भरते आहे, मला दिसू नये अशा बेताने. तर विचारतो: ती चूक होती का? एका शब्दात लिही. तुझी आवडती लांबी.

अच्युत


ग्लेनेल्ग, ६ ऑक्टोबर

यामिनी,

कार्ड मिळालं. इंग्रजीत लिहिलंस, म्हणजे टपालवाल्याने वाचलं असणार; तो आज माझ्याकडे जरा सहानुभूतीने पाहत होता.

तू एका शब्दाऐवजी पुष्कळ लिहिलंस. तुझीच वाक्यं मराठीत करून परत लिहितो, कारण मला ती वाचता येतात आणि समजत नाहीत. “चूक नव्हती. तू नऊ-दशांशाखाली थांबणार नाहीस हे मला माहीत होतं, म्हणून तुझा नऊ-दशांश निम्म्याहून खाली आणून ठेवला. उघड सांगितलं असतं तर तू ते वजा करून पुढे गेला असतास. हिरव्याचा आकडा निवडला, कारण कुणाला सापडला तर चूक वाटेल. ट्रेव्हरला चूकच लिहू दे, माझी हरकत नाही.”

आणि खाली, जागा संपत आल्यावर, कडेने तिरपं: “मी निघून आले ते भांडणामुळे नाही, अच्युत. सारखं कुणाच्या तरी खाली जाळं धरून उभं राहायचं आणि वरच्याला वाटायचं की आपल्याला उडता येतं. हात दुखले.”

कार्ड टेबलावर ठेवून मी बराच वेळ स्वयंपाकघरात उभा होतो. बसायला खुर्ची होती. उभाच होतो.

मी कधीच काठावर नव्हतो. हेच मला कळेना. विद्यार्थ्यांना मी काठावरून कसं चालावं यावर व्याख्यानं दिली. सिडनीला त्यासाठी बोलावलं. अच्युत म्हणजे जो ढळत नाही, असं मी स्वतःच्या नावाचं निरूपण करून टाळ्या घेतल्या, आणि तू पहिल्या रांगेत बसून हसत होतीस. मला वाटलं कौतुकाने. ढळायला मुळात कडा होती कुठे? तू ती गुपचूप मागे सरकवून ठेवली होतीस, आणि मी मैदानाच्या मधोमध हात पसरून तोल सावरत होतो.

मग भिंतीवरच्या घड्याळाकडे लक्ष गेलं.

तू गेल्यानंतर महिन्याभरात त्याचा सेल संपला. मी नवा घातला आणि फोनमध्ये पाहून वेळ लावली. ट्राम चुकायला लागल्या त्या तेव्हापासून. यामिनी, ते घड्याळ पुढे होतं ना? आणि मी दर सकाळी अगदी शेवटच्या क्षणी घराबाहेर पडून, ट्राम पकडून, दिवसभर स्वतःवर खूश असायचो.

आणखी काय काय होतं ते मी आज शोधलं नाही. हिंमत झाली नाही. मिठाच्या डब्याकडेसुद्धा संशयाने पाहिलं.

कार्ड ब्रॉन्विनला दाखवलं. तिरपी ओळ बोटाने झाकून. तिने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि म्हणाली, “मी तिची सुरक्षा काढून टाकली. चूक समजून.”

“तू बरोबर आकडा लिहिलास,” मी म्हणालो.

“तेच म्हणतेय.” मग कार्ड परत देत: “बाई ग्रेट आहे. आणि थोडी भयंकर.”

“हो,” मी म्हणालो. “माझ्या दोन्ही आज्या तशाच होत्या.”

ट्रेव्हरला मात्र आवरलं नाही. “म्हणजे तुझं सगळं धाडस तुझ्या बायकोचं होतं? आणि तिने घटस्फोटात ते परत नेलं?” तो हसला. मग माझं तोंड पाहून त्याने मला बेडकाच्या तोंडाचा इथला बेडूक-केक आणून दिला. या गावात याहून मोठं सांत्वन नाही.

कारण उद्या लिहायचं आहे.

अच्युत


ग्लेनेल्ग, २ नोव्हेंबर

यामिनी,

अग्निशमन दलाला काय लिहिलं ते तुला कळायला हवं. तुझं नाव त्यात नाही. ब्रॉन्विनचंही नाही. ट्रेव्हर म्हणाला होता ना, कुणाचं तरी नाव हवं. मी दिलं. “प्रोग्रॅम बरोबर होता. रचनाकाराने मर्यादेजवळ जागा ठेवली नाही.” खाली सही.

ट्रेव्हर म्हणाला, “असं लिहिलंस तर यापुढे तुला एकट्याला रचना करू देणार नाहीत.”

“नका देऊ.”

तसंच झालं. आता माझ्या प्रत्येक कॅव्हिटीवर ब्रॉन्विनची सही लागते. तिचा करार वाढला. वाढला म्हणजे पुढच्या डिसेंबरापर्यंत, इथे पोटभर कुणी देत नाही. खोकं तिने रिकामं केलं. त्यात निघालं काय, तर एक मग, एक शंख आणि माझं हरवलेलं इतिहासजमा झालेलं कोनमापक.

तिने मला विचारलं, तुझा हिरवा आकडा टान्या टूमध्ये परत घालू का. गुपचूप घालते, म्हणाली, आणि किती ते तुला सांगत नाही. मी मोहात पडलो, खरं सांगतो. सोय किती होती. पण मग तिने जाळं धरायचं आणि मी पुन्हा वर. तिचेही हात कधीतरी दुखतील. नको म्हणालो. नुसती खरी कंबर दाखव. मागे मी सरकेन.

जुन्या साठ्यातला एक लहान स्फटिक सापडला. त्यावर नवी रचना केली. निम्म्यावर थांबलो. बोटाला सवय नाही. किरण आणखी आवळायला आपोआप पुढे जायचं. मांडलेलं पाहून ब्रॉन्विन म्हणाली, “अच्युत, बरं आहे ना तुला? यात अजून कितीतरी जागा आहे.”

“ती राहू दे,” मी म्हणालो. “तिच्यातून कुणी जाणार नाही. नुसती असू दे.”

काल चालवला. सगळे चष्मे लावून उभे होतो. मी आवाजाची वाट पाहत राहिलो. आला नाही. ठिपका पडद्यावर आला आणि तसाच राहिला, जरासा फिका, कुणाला दाखवून मिरवावं असा नाही. पण टेकड्यांवरचा वारा त्यात दिसला. अग्निशमन दलाची माणसं म्हणाली, चालेल. ट्रेव्हर म्हणाला, काठावरच्या अच्युतला आता खुर्चीतला अच्युत म्हणावं लागणार. माझ्याच्याने हसवलं नाही. इतकी वर्षं लेसर चालवले, यामिनी, आणि माझ्या लक्षात आलं की एखादा खरोखर चालू होताना मी कधी घाबरलो नव्हतो. पहिल्यांदाच घाबरलो. तू दर वेळी घाबरत असणार, आणि ते मला दिसू नये म्हणून चहाचे कप विसळत असणार.

कार्डावरच्या तिरप्या ओळीला उत्तर देता येत नाही. दुखणाऱ्या हातांना मी पत्राने काय करणार. परत ये असंही लिहीत नाही, कारण त्याचा अर्थ आजवर ‘परत धर’ एवढाच होता, हे आता मला कळतं.

स्वयंपाकघरातलं घड्याळ बरोबर वेळेवर ठेवलं आहे. पुढे केलं नाही. त्याऐवजी मीच लवकर निघतो. यात मोठी अडचण अशी की माणूस थांब्यावर पोहोचतो आणि ट्राम आलेली नसते. करायला काहीच नसतं. जॅकरंडाची फुलं पायाखाली चिकटतात, शाळेतली मुलं शेजारी येऊन धक्काबुक्की करतात, एक म्हातारे गृहस्थ रोज विचारतात, लवकर आलात? पहिल्या आठवड्यात भयंकर कंटाळा आला. मग लक्षात आलं की एवढाच वेळ तू मला इतकी वर्षं रोज देत होतीस, आणि मी तो एकदाही वापरला नाही, कारण मला तो मिळालाय हेच माहीत नव्हतं.

आता कागद सोबत ठेवतो. हे पत्र थांब्यावरच लिहिलं आहे, गुडघ्यावर, म्हणून अक्षर असं. ट्राम अजून आलेली नाही.

अच्युत